कागदांवरचं वजन

दोन हजार पाच साल होतं आणि मी त्रेपन्न वर्षांचा होतो, तेव्हा तू घरात कॉम्प्युटर आणलास. मला न विचारता आणलास, असं मी तुला वीस वर्षं ऐकवलं. खरं म्हणजे तू विचारलं होतंस. मी मान फिरवून बसलेलो. त्याला तू होकार धरलास.

त्याच्या आदल्या वर्षी ठाण्यातल्या खोपटचा आमचा छापखाना बंद पडला होता. एसटी डेपोच्या मागच्या त्या गल्लीत मी बत्तीस वर्षं खिळे जुळवले. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, ते उचलायचं आणि ओळीत लावायचं, हे माझं काम. मालक म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, काका, खिळे जुळवत कोण बसणार? जाताना विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? मी म्हटलं, खिळ्यांचे दोन ट्रे द्या. एक मराठीचा, एक इंग्रजीचा. रिक्षात मावेनात म्हणून हातगाडीवर घालून मी ते वर्तकनगरपर्यंत चालत आणले. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "अहो, हे ठेवायचं कुठे?"

"माझ्या डोक्यावर," मी म्हटलं. ठेवले पलंगाखाली.

माझं शिक्षण चौथी. बाप मिठागरात होता, मीही तिथेच गेलो असतो. छापखान्यात लागलो म्हणून अक्षरं आली. इंग्रजीचा एक शब्द मला कळत नाही, पण इंग्रजीचं कुठलंही अक्षर मी डोळे मिटून बोटाने सांगतो. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. सरळ वाचण्याआधी मी उलटं वाचायला शिकलो. हे मी छाती काढून सांगायचो आणि तू पाहुण्यांना पाणी देता देता म्हणायचीस, "म्हणून तर सगळं उलटं घेतात."

तू सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लास लावलास. पोरींच्या मांडीला मांडी लावून टायपिंग शिकलीस. कल्याणच्या एका दुकानातून मराठी अक्षरांचा तो प्रोग्राम आणलास आणि मला हाक मारलीस.

"अहो, जरा इकडे या. हे वाचा, मी दाबते."

"काय आहे?"

"चावी. ही घातल्याशिवाय अक्षरं उघडत नाहीत."

"अक्षरांना कुलूप? कुणी लावलं?"

"कंपनीने. वाचता का आता?"

डबीच्या मागे स्टिकर होता. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पाच-पाचचे पाच गट. मी वाचत गेलो, तू दाबत गेलीस. तिसऱ्या गटात थांबलीस. "हे शून्य का ओ?"

"शून्य. अंगाने बारीक आहे, दिसत नाही?"

"मला तर दोन्ही गोलच दिसतात."

"तुला पोळ्याच दिसणार."

उघडलं. तू टाळी वाजवलीस, आणि मी तोंड वाकडं ठेवून गॅलरीत गेलो. आज सांगतो, मला बरं वाटलेलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी मला अक्षर विचारलं होतं.

तू ती चावी डायरीत उतरवून घेतलीस, पण तुझं शून्य आणि तुझा ओ म्हणजे एका ताटातले दोन लाडू. मी म्हटलं, हे नाही चालायचं. स्टिकर पुसला जाईल, डायरी हरवेल. मी शिशात जुळवून देतो. पलंगाखालचा इंग्रजी ट्रे ओढला आणि पंचवीस खिळे लावले, पाच ओळींत. भोवती दोरी आवळून छापखान्यातली गाठ मारली. आगपेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा झाला, पण हातात घेतला की जड. तू हसून हसून बेजार. "कॉम्प्युटरची चावी शिशात! अहो, ही दुकानात मांडायला ठेवू."

पण वर्ष-दीड वर्षाने मशीन बिघडायचं, दुकानदार सगळं पुसून परत भरायचा, आणि अक्षरांना परत कुलूप लागायचं. मग तू मला बोलवायचीस. मी धुतलेला सदरा घालून यायचो. ट्रेमध्ये ठेवलेला ठोकळा तळहातावर घेऊन उलटा वाचायचो, तू दाबायचीस, आणि एकदाही चुकलं नाही. तू घरातून पत्रिका लावून द्यायचीस, त्या सगळ्या धंद्यात माझं काम तेवढंच होतं. बाकी लोक तुझ्याकडे यायचे. बाळकुमचे, कोलशेतचे जमीनवाले यायचे. "काकी, पत्रिकेत आमची चाळीस नावं पायजेत. एक राहिलं ना, तर हळदीत मला उभं नाय करायचे." तू चाळीस नावं बसवायचीस. मी गॅलरीतून सांगायचो, दोन ओळींत जागा कमी पडतेय. तू तोंडावर म्हणायचीस, "तुम्ही पेपर वाचा." आणि नंतर गुपचूप जागा वाढवायचीस. पाहिलंय मी.

मग ते दोन हजार अकरा. मी भाच्याच्या साखरपुड्याला डोंबिवलीला गेलेलो. संध्याकाळी परत आलो तर पलंगाखाली मोठा प्रिंटर.

"ट्रे कुठे गेले?"

"दिले."

"कुणाला?"

"भंगारवाल्याला. अहो, सात वर्षं झाली, किती वेळा हात लावलात? झुरळं झाली होती. प्रिंटरला जागा नको?"

"आणि चावी?"

तू काहीतरी बोलणार होतीस. "अहो, ऐका तरी, ते मी..."

"बास," मी ओरडलो. "आजपासून या घरात शिशाचं नाव काढायचं नाही. छापखान्याचं काढायचं नाही. आणि मला वाचायला हाक मारायची नाही."

वैशू तेव्हा लग्नाची होती. ती दारात उभी राहून रडली. तू नाही रडलीस. तू आत जाऊन कुकर लावलास.

चार महिने मी तुझ्याशी बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, गॅस संपला, पाणी आलं, लाइट गेली, एवढंच. पण तो विषय बंदच. तू मात्र त्यानंतरही तीनदा हाक मारलीस. पक्कं आठवतंय मला. "मशीन पुसलंय. वाचता का?" तीनही वेळा मी गॅलरीतून म्हटलं, "तुझ्या डायरीत आहे ना? वाच की." तू खोलीचं दार लोटून घ्यायचीस. अर्ध्या तासाने आतून टायपिंगचा आवाज यायचा. मला वाटायचं, बघ, हिला तुझी गरजच नाही. तेच मनात धरून मी चौदा वर्षं बसलो.

या वेळी तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा मशीन सुरूच होईना. मी म्हटलं, ही घरी येईल तेव्हा चालू पाहिजे. मांडीवर घेऊन रिक्षाने खोपटला नेलं. दुकानदार म्हणाला, "आजोबा, डिस्क गेली. नवीन टाकून फॉरमॅट मारावा लागेल. प्रोग्रामची लायसन्स की आहे ना?"

"आहे."

"नक्की? नसली तर नंतर पंचाईत."

"बत्तीस वर्षं छापखान्यात काढलीत."

"त्याचा काय संबंध?"

"तू मार फॉरमॅट."

हे मी तुला कौतुकाने सांगितलं. आता ही रागावणार, असं मला वाटलेलं. तू नाकावरची नळी बाजूला केलीस आणि म्हणालीस, "टेबलावरचं वजन आहे ना जागेवर? कागदांवरचं?"

"आहे."

"ते कुणाला देऊ नका."

मला वाटलं, ताप बोलतोय. "बरं, झोप आता." तू नळी परत नाकाला लावलीस. मग डोळे मिटलेस. शिसं हा एक शब्द उच्चारला असतास तर मला कळलं असतं. तू माझी बंदी तिथेही पाळलीस, का तुझ्यात दम उरला नव्हता? पंधरा दिवस मी या दोघांच्या मध्ये अडकलोय. कुणाला विचारू?

तू गेल्यावर वैशू म्हणाली, "बाबा, उत्तरकार्याचं पत्र मी मोबाइलवर बनवते. दहा मिनिटांत सगळ्यांना जाईल."

मी म्हटलं, "जिने अर्ध्या ठाण्याची पत्रं लावली, तिचं पत्र मोबाइलवर? तिच्या मशीनवर, तिच्या अक्षरात होईल. कागदावर होईल. नाहीतर होणार नाही."

मशीन लावलं. प्रोग्राम भरला. पडद्यावर पाच चौकटी आल्या, एकेकीत पाच खाने. पंचवीस खाने रिकामे आणि पहिल्यात ती उभी रेघ लुकलुकतेय. खाली वैशूने वाचून दाखवलं, पाच वेळा चुकलं तर कायमचं बंद, मग कंपनीला फोन करा. कंपनीचा नंबर लागत नाही. कल्याणच्या दुकानात वैशू स्वतः जाऊन आली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. डबीवरचा स्टिकर पांढरा फटक. राहिली तुझी डायरी, आणि डायरीत चार लाडू.

"चार गोल आहेत बाबा. प्रत्येक शून्य तरी किंवा ओ तरी. सोळा प्रकार होतात."

"पहिल्या दिवशी मीच वाचलेलं. आठवेल मला."

नाही आठवलं. दोन दिवसांत आम्ही चारदा चुकलो. दर वेळी लाल अक्षरं. वैशूने माझा हात धरला, "बाबा, आता एकच राहिलाय. थांबा ना. मोबाइलवर करू या."

मी थांबलो, पण मोबाइलला हो म्हटलं नाही. सुतकात मला घराबाहेर जायचं नाही. लोक येत, भिंतीला टेकून बसत, "येतो" न म्हणता उठून जात. त्यांच्या डोक्यांवरून मला तो पडदा दिसायचा. ती रेघ दिसायची. पत्र त्या आठवड्यात गेलं नाही तर त्याचा उपयोग नव्हता. हे घर तीन खोल्यांचं आहे, दार दिवसभर उघडं होतं, तरी मला कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटायचं. आणि ती कडी घालणारा मीच होतो. चावी आहे असं दुकानदाराला मी सांगितलं होतं. तुला वाचून दाखवायला मीच नाही म्हटलं होतं. भंगारवाल्याने त्या ट्रेबरोबर माझे पंचवीस खिळेही वितळवले असतील, म्हणून तुझ्यावर, गेलेल्या बाईवर, मी मनातून चिडलेलो होतो. हेही सांगून टाकतो. तुझ्या फोटोकडे बघून मी म्हटलं होतं, विकलंस ना? भोग आता. मग माझ्या लक्षात आलं की भोगतोय कोण.

सहाव्या दिवशी दुपारी वैशू तुझं टेबल पुसत होती. पंखा चालू. तिने कागदांवरचं वजन उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बाबा, हे धरा जरा." कागद उडाले, ती गोळा करायला वाकली.

तुझ्या आंबा रंगाच्या ब्लाउजच्या कापडात शिवलेलं ते वजन मी चौदा वर्षं बघत होतो. हात कधी लावला नव्हता. ते टेबल तुझं, मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. आत दगड असेल, टाइलचा तुकडा असेल, असं धरून चाललो होतो. पण हातावर आल्याबरोबर कळलं. तेवढ्याशा आकाराला तेवढं वजन दुसऱ्या कशाचंच नसतं. बत्तीस वर्षं ते माझ्या तळहातावर होतं. मी खाली बसलो.

"बाबा, काय झालं? पाणी देऊ?"

"कात्री दे."

आणि मग मी तो टाका बघितला. तीन बाजूंना कापडाच्याच रंगाचा दोरा. चौथ्या बाजूचा तसाच दोरा कापलेला, त्याच्यावर लाल दोरा, त्याचेही तुकडे अजून कापडात अडकलेले. त्याच्यावर हिरवा, तोही कापलेला. त्याच्यावर काळा. तीनदा उसवलंस, तीनदा शिवलंस. मी नाही म्हटलं त्या तीनही वेळा दार लोटून तू हे करत होतीस. तुझ्या टेबलावर तो गोल आरसा होता, त्यावरून मी तुला किती बोललो. या वयात कॉम्प्युटरसमोर नटायचंय का, म्हणून वैशूसमोर हसलो. तू त्या आरशात माझे उलटे खिळे सरळ करून वाचत होतीस.

काळा दोरा मी कापला. आत माझी दोरी, माझी गाठ. वीस वर्षांत ती सुटली नव्हती.

एक विचार मला सोडत नाही. डायरीतल्या त्या शून्यांवर एकेक रेघ मारली असतीस तर काम झालं असतं. परत उसवायची गरज नव्हती. एवढी हुशार तू, तुला सुचलं नसेल? तुला सुचलं होतं. तू ठेवलंस तसंच. पुढच्या वेळी तरी हा उठून येईल आणि वाचेल, म्हणून ठेवलंस. आणि पुढच्या वेळी मी पेपर वाचत होतो.

वैशूला म्हटलं, "बस तिथे. मी वाचतो, तू दाब."

"बाबा, एकच चान्स आहे हां."

"माहितीये."

चष्मा मी बाजूला ठेवला. ठोकळा तळहातावर घेतला, अंगठा फिरवत गेलो. तिसऱ्या गटात वैशू थांबली. अगदी तू थांबायचीस तिथेच. "शून्य का ओ?"

"शून्य. अंगाने बारीक."

"नक्की?"

"तुझ्या आईने कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

हे खोटं होतं. तू दर वेळी विचारायचीस.

पंचविसावं अक्षर दाबलं. वैशूने डोळे मिटून घेतले. पडदा एकदा पांढरा झाला आणि तुझी अक्षरं उघडली. तुझ्या अक्षरांच्या सगळ्या वळणांची नावं एकाखाली एक. वैशू टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो हात शाईने नाही पण शिशाने काळा झालेला होता. तिच्या कुर्त्यावर डाग पडला. तू असतीस तर ओरडली असतीस.

पत्र तिने टाइप केलं. मी मागून सांगत होतो, इथे जागा सोड, ही ओळ खाली घे. नावापाशी आलो तेव्हा मी तिला उठवलं. लग्नात नाव घेतलं ते घेतलं, त्यानंतर एकोणपन्नास वर्षांत मी तुला कधी नावाने हाक मारली नाही. अगं, ए, ऐकलंस का, वैशूची आई. मी खुर्चीत बसलो. तुझ्या खुर्चीत पहिल्यांदा बसलो. एका बोटाने, वैशू दाखवेल ती बटणं शोधत, मी तुझं नाव जुळवलं. कै. सौ. कुसुम. तीन अक्षरांना मला पाच मिनिटं लागली. खिळ्यांत मी ते एका झटक्यात लावलं असतं. तेही कधी लावलं नव्हतं.

ट्रे विकल्याचा राग माझा अजून गेलेला नाही, हे तुला सांगितलं पाहिजे. विचारायला हवं होतंस. त्यावर आपलं भांडण बाकी आहे आणि ते मी एकट्याने मिटवणार नाही. पण जी एक गोष्ट विकायची नव्हती ती तू विकली नव्हतीस. ती माझ्या डोळ्यांसमोर ठेवली होतीस, रोज, पंख्याखाली, आणि मी तुला ते सांगू दिलं नाही. त्याची माफी मागायची असते. ती मागायला मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही, आणि मी चौथीत सोडली म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. वैशू झेरॉक्सवाल्याकडून पत्रांचा गठ्ठा घेऊन आली तोवर मी तुझा शिवणाचा डबा काढून बसलो होतो. तिने सुईत दोरा ओवून द्यायला हात पुढे केला, तिला म्हटलं, लांब राहा. अर्धा तास लागला. मग तो ठोकळा परत आंबा रंगाच्या कापडात घातला आणि काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांवर पांढऱ्या दोऱ्याने चौथा टाका घातला. वाकडा आला. तुझ्या पत्रांवर ते वजन ठेवलं, आणि पंखा पाचवर केला.